सांभाळू द्रावण

"चीनने जगाला कागद दिला, हे मान्य. पण त्यानंतर जगाकडून जे जे उचललं, त्याची पोचपावती आजतागायत कोणालाही दिलेली नाही," असं विलास उकिडव्यांनी ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलमधल्या आपल्या लेकीच्या स्वयंपाकघरात जाहीर केलं. वाक्य वजनदार होतं. फक्त ते उच्चारताना त्यांच्या तोंडात शेजारच्या मिसेस वेननी पाठवलेला तिसरा मोमो होता आणि डावा हात चौथ्याचा अंदाज घेत होता.

"मोमोची पोचपावती तुम्ही दिलीत का, बाबा?" मैथिलीने विचारलं. "त्यांचा मागचा डबाही इथेच पडलाय."

विलासरावांचं म्हणणं असं, की कोणी कोणाला फुकट खायला घालत नाही. शिवाय त्या बाईंचा नवरा, तो वेन, रोज सकाळी फुटपाथवर उलटा चालतो. तब्येतीला चांगलं असतं म्हणे. पण पाठमोरा चालणारा माणूस नेमकं काय बघत असतो, हा प्रश्न केलीव्हिलमध्ये दुसऱ्या कोणाला पडला नव्हता, म्हणून तो विलासरावांनी स्वतःकडे घेतला होता आणि खिडकीच्या पट्ट्यांमधून त्यावर काम चालू होतं.

विलासराव एकाहत्तर वर्षांचे. त्यांतली एकतीस पुण्यातल्या एका परिभाषा कचेरीत गेली, मुद्रितशोधक म्हणून. इंग्रजी शास्त्रीय शब्दाला मराठी शब्द ठरवायला विद्वानांची समिती दर बुधवारी जमे. समिती चहा घेई, भांडे, पुन्हा चहा घेई, आणि भांडणातून जो शब्द जिवंत वाचेल तो छापखान्याकडे जाई. परत आलेल्या प्रुफांतल्या चुका काढायच्या, एवढंच विलासरावांचं काम. रसायनशास्त्राचा तिसरा खंड पुरा झाला आणि त्याच वर्षी कचेरी बंद झाली. खंड छापला गेलाच नाही. शेवटची तपासलेली प्रुफं, चारशे बारा पानं, विलासराव निरोपाच्या दिवशी घरी घेऊन आले. कोणी अडवलं नाही. शिपायाने तर गठ्ठा रिक्षात चढवायला हात दिला. त्या गठ्ठ्यासाठी त्यांनी ऑस्ट्रेलियाला येताना दोन स्वेटर मागे ठेवले होते.

महिन्यापूर्वी लायब्ररीत ते ही पानं चाळत बसले होते. वेन मागून आला, वाकला, डावीकडचा इंग्रजी आणि उजवीकडचा मराठी रकाना बघून बराच वेळ मान हलवत राहिला. मग खिशातून फोन काढून त्याने एका पानाचा फोटो घेतला, "व्हेरी गुड" म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून घरात आणीबाणी होती.

"अहो बाबा, तो खंड आपल्याकडे कोणी फुकट नेईना," मैथिली म्हणाली. "चीन कशाला चोरेल?"

"म्हणूनच. बेवारस मालावर चोराची नजर आधी जाते."

त्यांनी प्रुफं गॅरेजमधल्या एक चाक मोडलेल्या जुन्या सुटकेसमध्ये घातली आणि सुटकेस ख्रिसमसच्या प्लॅस्टिक झाडामागे सरकवली. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलेली गुप्त गोष्ट गुप्त राहत नाही, हे तत्त्व त्यांनी इतक्या कसोशीने पाळलं, की शुक्रवारी काउन्सिलची गाडी अडगळ उचलायला येणार म्हणून जावयाने गॅरेज रिकामं केलं तेव्हा मोडका प्रिंटर, ट्रेडमिल आणि ती सुटकेस एकाच रांगेत फुटपाथच्या कडेला गेली. रात्री पाऊस झाला.

शनिवारी जेवणानंतर विलासराव गॅरेजमध्ये गेले. झाडामागे फक्त फरशी होती. आत येऊन त्यांनी सुटकेस कुठे गेली म्हणून विचारलं.

"दॅट ब्रोकन वन?" नातीने, चिन्मयीने, फोनमधून डोकं वर काढलं. "मिस्टर वेन टुक इट दिस मॉर्निंग." मग त्यांचा चेहरा बघून तिने धीर दिला. "देअर वॉज नथिंग इन इट, आजोबा. डॅड चेक्ड. जस्ट ओल्ड पेपर्स."

विलासराव खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा संशय शंभर टक्के खरा ठरला होता, आणि 'मी म्हणत नव्हतो?' हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. चूक कबूल करायला जावयाचा फोन आला, तोही त्यांनी घेतला नाही. मैथिली म्हणाली, मी जाऊन आणते.

"नको. माझा माल आहे, मी जातो."

तिने वेनचा डबा चिवड्याने भरून त्यांच्या हातात दिला.

"चोराच्या घरी चिवडा?"

"डबा त्यांचाच आहे, बाबा."

तेव्हा एका हाताने आरोप आणि दुसऱ्या हाताने चिवडा घेऊन विलासराव शेजारी गेले. वेनच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत दोरीला चिमटे लावून पानं वाळत टाकली होती. पिंगपाँगच्या टेबलावर वाळलेली पानं क्रमाने मांडलेली होती. देवनागरी आकडे वाचता येत नसूनही क्रम चुकलेला नव्हता, हे विलासरावांनी एका नजरेत तपासलं. मिसेस वेन केस वाळवायच्या यंत्राने दोनशे तिसावं पान वाळवत होत्या. त्यांनी विलासरावांकडे असं पाहिलं, जणू वॉरंट घेऊनच कोणी आलं असावं. मग यंत्र बंद करून त्या आत गेल्या.

वेनने खुर्ची दिली आणि खुलासा केला. त्याचं इंग्रजी आणि विलासरावांचं इंग्रजी अशी दोन लंगडी माणसं एकमेकांचा हात धरून चालू लागली. बायकोचं मत होतं, की सुटकेसला हात लावू नये. हा म्हातारा महिनोन्महिने पडद्याआडून आपल्यावर नजर ठेवतो, आणि आता अनोळखी लिपीतल्या कागदांची बॅग रस्त्यावर टाकतो, म्हणजे प्रकरण सरळ नाही. मोमोसुद्धा हा माणूस कोण आहे ते कळावं म्हणूनच तिने पाठवले होते. हे ऐकून विलासरावांना त्या बाईंबद्दल प्रथमच आदर वाटला.

वेन चांगचौ गावाच्या शाळेत चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता. त्याच्या आजोबांच्या खेड्यात हे साहेबाचं शास्त्र पहिल्यांदा आलं, तेव्हा लोकांनी शाळेच्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं. मास्तर पाण्यातून हवा काढून दाखवतो, म्हणजे उरलेलं पाणी मेलेलंच की. मास्तर बिचारा वर्षभर रोज सगळ्यांसमोर तेच पाणी प्यायचा. लोकांना शास्त्र पटलं नाही, पण मास्तर मरेना म्हणून मुलं पाठवू लागले. आणि त्याच्याही आधी, वेन म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वी शांघायला बंदुकांच्या कारखान्यात एक इंग्रज पुस्तक हातात धरून तोंडी सांगत बसायचा आणि समोरचा चिनी ऐकून लिहायचा. शब्दच नव्हते, तेव्हा दोघांनी बसून ते घडवले. ऑक्सिजनला नाव पडलं पोसणारी हवा.

"प्राणवायू," विलासरावांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं.

वेन टेबलावर हात आपटून हसला. विलासराव हसले नाहीत. कोणी कोणाचं उचललं, हे विचारायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात वेनने एकशे सत्त्याऐंशीवं पान पुढे केलं. समासात पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द होते, त्यांवर लाल शाईची आडवी रेघ.

"लाल माणूस बॉस," वेन म्हणाला. "पेन्सिलवाला कोण?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विलासरावांनी आधी चष्मा पुसला. बफर सोल्यूशन, त्यांनी सांगितलं. थोडं आम्ल टाका, थोडा अल्क टाका, ते द्रावण आपला तोल सोडत नाही. त्याला मराठी शब्द काय, म्हणून समिती सलग तीन बुधवार भांडली. प्रुफात त्या शब्दाची जागा कोरीच राहिली होती, तिच्या शेजारी चौथ्या बुधवारी विलासरावांनी समासात लिहून ठेवलं, सांभाळू द्रावण. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "उकिडवे, हे शास्त्र आहे, सून नव्हे." सगळे हसले. विलासरावही हसले होते, कारण हसणाऱ्यांत सगळे साहेबच होते. मग आठ अक्षरी संस्कृत शब्द ठरला. पुढच्या बैठकीत खुद्द अध्यक्षांना तो कागदात बघून वाचावा लागला.

"पेन्सिलवाला मी," विलासराव म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा जरा वरच लागला.

वेनने आत वळून बायकोला काहीतरी सांगितलं. त्या दारापर्यंत आल्या, दोनदा विचारून त्यांनी अर्थ नीट समजून घेतला आणि पानाकडे बघत एक वाक्य बोलल्या.

"ती म्हणते, पेन्सिल बरोबर आहे," वेन म्हणाला. "आमचा शब्द आहे धक्का मंद करणारा. तुमच्या शब्दात माणूस आहे."

विलासरावांनी दोरीवरच्या पानांकडे पाहिलं. हा माणूस गोड बोलतोय ते कशासाठी, याचा ते शोध घेत होते, आणि तो लगेच लागला. वेनला प्रुफं आठवडाभर ठेवून घ्यायची होती. चांगचौला त्याचे चार जुने सहकारी आहेत, सगळे निवृत्त, सगळे रसायनवाले. फोनवर त्यांचा ग्रुप आहे, त्यावर एकेका पानाचा फोटो टाकायचा. दुसऱ्या देशाने हे काम कसं केलं, ते त्यांना बघायचंय. लायब्ररीतला फोटो त्यांनाच पाठवला होता. त्यावर अजून वाद चालू आहे.

म्हणजे अखेर माल चीनला जाणार होता. विलासरावांनी हिशेब केला. चार वाचक. तिसऱ्या खंडाला आजवर मिळालेल्या वाचकांपेक्षा बरोबर चार जास्त.

"पेन्सिलवाल्याचं नाव लागेल," वेन कागद पुढे ओढत म्हणाला.

विलासराव उठून उभे राहिले. "विलास गणेश उकिडवे," त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. वेनला त्या आडनावासाठी अक्षरं सापडेनात. त्याने तीन खोडली, बायकोला विचारलं, मग चार चौकोनी अक्षरं सावकाश काढली आणि खाली रेघ मारली. लाल नव्हे, काळी.

चिवड्याचा डबा टेबलावर ठेवून विलासराव निघाले. मिसेस वेननी झाकण उघडून आधी वास घेतला. त्यात विलासरावांना काही वावगं वाटलं नाही. ड्राइव्हवेच्या टोकाशी त्यांनी मागे वळून पाहिलं. चारशे बारा पानं परक्या घरात होती, दुसरी प्रत जगात नव्हती. वेन पिंगपाँगच्या टेबलावर वाकला होता. त्याने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

विलासराव परत गॅरेजच्या दारात आले.

"मिस्टर वेन," ते म्हणाले, "फक्त एक विनंती आहे. पानं थुंकी लावून उलटू नका."