टेकडीवरचे अकरा कंद

दातांच्या डॉक्टरीणबाईंना आपल्या बागेचं भारी कौतुक. दवाखान्यामागच्या एवढ्याशा जागेतून त्यांनी बाहेरदेशची शोभेची झाडं झाडून सगळी हद्दपार केली, सासूबाईंचा लाडका गुलाबसुद्धा शेजारणीच्या गळ्यात मारला, आणि तिथे इथल्याच मातीतली रानझुडपं लावली. पाटीही ठोकली, ‘येथे फक्त इथलीच झाडे’. नवरा त्यांना ‘वनमंत्री’ म्हणायचा. पेशंटची खुर्ची बाईंनी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसवली होती. दाढ काढून घेणारा माणूस वाद घालत नाही, निमूट बाग बघतो.

त्या सकाळी खुर्चीत सर होते. कॉलेजात बाईंना वनस्पतिशास्त्र शिकवलेले, आता ऐंशीच्या घरातले. दाढ निघाली. बाईंनी तिथे कापसाचा बोळा ठेवला.

“अर्धा तास घट्ट चावून धरा, सर. बोलायचं अजिबात नाही.”

सरांनी मान डोलावली, खिडकीबाहेर पाहिलं आणि एकदम ताठ बसले. कुंपणाशी वीतभर उंचीची पांढरी फुलं उमलली होती.

बाईंचंही लक्ष तिकडे गेलं. सर येणार हे त्यांना आठवडाभर माहीत होतं. फुलं आजच उमलतील, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

या फुलांचे कंद गावामागच्या टेकडीच्या एकाच उतारावर उगवायचे. वर्षातले जेमतेम आठ दिवस फुलायचे. गेल्या वर्षी सरांनी बाईंना तिथवर नेऊन ते दाखवले होते. फुलं सुकल्यावर बाई एकट्याच खुरपं घेऊन गेल्या आणि अकराच्या अकरा कंद काढून आणले. तिथे शेळ्या खातील, इथे तरी जगतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर ते फूल दुसऱ्या कुणाच्याच बागेत नव्हतं, आणि बाईंना तेवढं पुरेसं होतं.

सरांनी टेबलावरचं औषधं लिहायचं पॅड ओढलं. लिहिलं, ‘कुठून आणलंस?’

“नर्सरीतून,” बाई बोलून गेल्या. हातातलं काम चालू ठेवायला त्यांनी धुतलेली हत्यारं पुन्हा धुवायला घेतली.

सरांचं पेन भराभर चालू लागलं. ‘टेकडीवर यंदा एकही उगवलं नाही. वाटलं, संपलं. म्हणजे अजून कुठेतरी आहेत! पत्ता दे. आजच जातो.’ सुजलेल्या गालाने ते हसत होते. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं, परीक्षेत पहिल्या आल्यावर थोपटलं होतं तसंच.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्याही नर्सरीचं नाव सांगता आलं असतं, आणि या वयात, दुखऱ्या तोंडाने, सर खरंच तिथे गेले असते. एका नर्सरीत नाही मिळालं तर दुसरीत गेले असते. बाईंनी नळ बंद केला.

“नर्सरी नाही, सर. टेकडीवरचेच आहेत. मी काढून आणले. सगळे.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी पॅडवरचा कागद फाडला, बारीक घडी घातली आणि खिशात ठेवला. तोंडात बोळा होता, म्हणून ते काही बोलले नाहीत. अर्ध्या तासाने बाईंनी बोळा काढला, तरीही बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

“मी परत नेऊन लावते, सर. उद्याच.”

“फुलावर असताना उपटू नकोस. पानं वाळू देत.” सर चपला घालत म्हणाले. जीभ अजून जड होती. “चूक माझीही आहे. तुला माशीचं सांगायचं राहूनच गेलं.”

“कसली माशी?”

“या फुलावरची. मुगाच्या दाण्याएवढी. त्याच उतारावर मातीत राहते, दुसऱ्या कुठल्या फुलावर बसत नाही. इकडे आलीय का?”

बाईंनी फुलांकडे पाहिलं. “नाही, सर.”

“नाहीच येणार. एवढं लांब उडवत नाही तिला.” सरांनी दाराला धरून दम घेतला. “तिकडे आली होती. चार दिवस त्या रिकाम्या उतारावर शोधत होती. पाचव्या दिवशी मी गेलो, तेव्हा नव्हती.”