सुगंधाचा पुढचा दात

“नंदूभाऊ, ह्या आपल्या वहिनीच ना?” शेजारच्या माणिकने मोबाइल नंदूच्या नाकासमोर धरला.

नंदू चष्मा आणायला आत गेला, तेवढ्यात ते चित्र कुठेतरी सरकून गेलं. माणिकने पुष्कळ शोधलं, पण तिथे आता टाइल्सची जाहिरात होती. निवडणुकीच्या जाहिरातीत वहिनींच्या हातात चावी होती, घर मिळालं म्हणत होत्या, असं माणिकने सांगितलं आणि वर विचारलं, “पेढे कधी देताय?” तो हसत होता. समोरच्या दोन दारांतून माना बाहेर आल्या, त्या हसत नव्हत्या.

विक्रोळीतली त्यांची चाळ पाडून नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून सगळे भाडेकरू संक्रमण शिबिरात पत्र्याखाली राहत होते आणि नव्या इमारतीचा अजून पायाही भरला नव्हता. नंदूच्या बायकोला, सुगंधाला, जाऊन दोन वर्षं होत आली होती.

नंदूने मागच्या दाराने खोली पदरात पाडून घेतली, असं दोन दिवसांत शिबिरात पसरलं. मुलुंडला दिलेली त्याची मुलगी अक्षता धावत आली. तिच्या मोबाइलवर ती जाहिरात दिसेना. “पिन कोड बघून दाखवतात, बाबा,” ती म्हणाली. “मुलुंडवाल्यांना दुसरंच काहीतरी दाखवत असतील.”

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सुगंधा नंदूच्याच मोबाइलवर आली.

फोटो ओळखीचा होता. गावी पुतण्याच्या लग्नात काढलेला. नळावर घसरून सुगंधाचा पुढचा दात अर्धा तुटला होता, तेव्हापासून हसू आलं की तिचा हात आधी तोंडाशी जायचा. त्या एका फोटोत हात पोचायला उशीर झाला होता. ती गेली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी लावायच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी नंदूने हट्टाने तोच फोटो दिला. असे बॅनर पक्षाचं कार्यालय फुकट छापून द्यायचं. वर, गेलेल्या माणसाचा चेहरा आणि खाली हात जोडलेले पुढारी. चाळीतल्या प्रत्येक मयताचा लागायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

जाहिरातीत सुगंधा पापण्या मिटत होती, मान कलती करत होती, चावी उंचावत होती. “माझ्या हक्काचं घर मला मिळालं. आता तुमची पाळी,” असं ती बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात सांगत होती. आणि मग हसत होती. दात पुरे होते.

नंदू तडक कार्यालयात गेला. तिथला नितेश त्याला लहानपणापासून ओळखत होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, जाहिरात दोनदा पाहिली. ते पेज पक्षाचं नाही, कुठल्यातरी एजन्सीचं असेल, फोटो कुठून कुठे जातो ते कोण सांगणार, असं तो म्हणाला. शिवाय फोटो काकांनी स्वतःच दिला होता.

“बॅनरला दिला होता,” नंदू म्हणाला. “मेल्याच्या.”

नितेशने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

“चाळीस वर्षं निवडणुकीच्या भिंती रंगवल्या मी. तुझ्या बापानेच कामं दिली. भिंतीच्या मालकाची सही असल्याशिवाय ब्रश लावला नाही कधी. आणि खाली कोपऱ्यात लिहायचो, नंदू आर्ट्स, विक्रोळी. ज्याला भांडायचंय त्याला कळायचं, कुठे यायचं ते.”

“आता भिंतच कुठेय, काका,” नितेश म्हणाला. त्याचा सूर वाईट नव्हता. मग निघताना, बरं वाटावं म्हणून, त्याने जोडलं, “काकी काय छान दिसतायत पण.”

अक्षताने जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. जाहिरात तपासली, ती आमच्या नियमांविरुद्ध नाही, असं उत्तर आलं. तिने पुन्हा लिहिलं. या वेळी चित्रातल्या व्यक्तीने स्वतः तक्रार करावी, असं कळवलं गेलं. अक्षताने आईचा मृत्यूचा दाखला जोडून पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. नंदूने तोच दाखला झेरॉक्स करून शिबिरातल्या नळाजवळ चिकटवला. लोकांनी वाचला. सुगंधा वारली हे सगळ्यांना माहीतच होतं. प्रश्न खोलीचा होता.

जाहिरात मात्र आता नंदूला दिवसातून चार-चारदा दिसू लागली. “तुम्ही शेवटपर्यंत बघता, म्हणून ते दाखवतात,” अक्षता कळवळून म्हणाली. “बघू नका ना, बाबा. खोटं आहे ते सगळं.”

त्याने मान डोलावली. सुगंधाचा चालताबोलता व्हिडिओ घरात कुणाकडेच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण तो आवाज बंद करून बघायचा, हे तिला माहीत नव्हतं. नुसते ओठ हलले की त्याला तिचं जुनं बोलणं लागू पडायचं: “घर गावला काय भितींका रंग तुमीच लावा हां.” शेवटचं हसू येण्याआधी तो डोळे मिटून घ्यायचा.

मतदानाच्या दोन दिवस आधी प्रचार थांबला आणि जाहिरातही थांबली. मतदानाच्या दिवशी अक्षता आली तेव्हा कंपनीचं उत्तर तिच्या मोबाइलवर होतं. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं: सदर जाहिरात आता सुरू नाही. तक्रार बंद करत आहोत.

“सुटलो, बाबा,” ती म्हणाली.

“हो,” नंदू म्हणाला.

ती आत भाजी निवडायला बसली. नंदू दाराशी स्टुलावर बसला होता. डाव्या हाताच्या बोटावर ओली शाई होती आणि त्याच हातात मोबाइल. उजव्या हाताच्या बोटाने तो एकेक चित्र वर ढकलत होता. टाइल्स, पडदे, कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो. पुन्हा टाइल्स. आवाज त्याने बंदच ठेवला होता.