अडतीस मायक्रोग्रॅम

मित्रांनो, माझे नाव तुमच्या घरात रोज घेतले जाते, पण मला पाहिलेले तुमच्यापैकी कुणीच नसेल. मी एक किलो आहे. किलोभर कांदे नव्हे, किलोभर साखरही नव्हे, नुसताच किलो. पोलादाचा, गोल, गुळगुळीत, मोठ्या माणसाच्या मुठीत जेमतेम मावेल एवढा, आणि आता चांगलाच जुना.

एका लांब कांबीतून मला कापले, लेथवर फिरवून गोल केले, आणि मग एका वयस्कर कारागिराने मला बारा दिवस घासले. घासायचे, तोलायचे, मान हलवायची, पुन्हा घासायचे. बाराव्या दिवशी त्याने मला मऊ कापडात गुंडाळले आणि म्हणाला, "बास. आता तुला वारासुद्धा लागायला नको." त्यानंतर उघड्या हाताने मला कुणी शिवले नाही. बोटाचा ठसा उमटला तरी माझे वजन वाढते, इतका मी नाजूक.

तुम्ही विचाराल, कांदेसुद्धा मोजायचे नाहीत तर या नवाबाचा उपयोग काय? सांगतो. प्रत्येक देशाचा एक मुख्य किलो असतो. तो कुलपात राहतो. त्या देशातले सारे तराजू, सोनाराचे, औषधवाल्याचे, भाजीवाल्याचे, शेवटी त्याच्याच भरवशावर चालतात. पण शेजारच्या देशाने त्यावर विश्वास का ठेवावा? आपला तराजू खोटा असे कुणाला कधी वाटले आहे का? म्हणून बऱ्याच देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून एक रीत पाडली. एकच वजन सगळ्यांकडे फिरवायचे. ज्याने त्याने ते आपापल्या किलोशी ताडून पाहायचे आणि आलेले उत्तर गुपचूप एका ठरलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे. फेरी पुरी झाली की सगळी उत्तरे एकदम उघडायची. ती जुळली, की एका मोठ्या नोंदवहीत त्या देशापुढे ओळ लिहिली जाते: यांचा किलो आम्हाला मान्य. ती ओळ असली की तिथे तोललेला माल दुसऱ्या बंदरात पुन्हा तोलला जात नाही.

ते फिरणारे वजन म्हणजे मी. चौदा वर्षे मी लाकडी पेटीत बसून, कुणाच्या तरी मांडीवरून, विमानांतून आणि गाड्यांतून हिंडलो. फार मान होता मला. मी दारात आलो की माणसे हळू बोलू लागत.

आता त्या दिवसाचे सांगतो.

माझी तिसरी फेरी चालू होती आणि मी ताईच्या प्रयोगशाळेत होतो. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. वजनांची खोली तिच्या ताब्यात. पन्नाशीला आलेली, कमी बोलणारी बाई. काम करताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायची. तिने मला आठ दिवस तोलले होते, उत्तर परवाच पाठवून दिले होते. आज फक्त मला तराजूतून काढून पेटीत ठेवायचे होते. पुढच्या देशाचे गृहस्थ मला न्यायला सकाळीच येऊन बसले होते. संध्याकाळी त्यांचे विमान होते. त्यातच परदेशाहून एक तपासनीस बाई आल्या होत्या. नोंदवहीतली ती ओळ ठेवायची की नाही, हे त्या तीन दिवस बघत होत्या आणि दुपारी तीनला आपला निकाल सांगणार होत्या. त्यामुळे अख्खी इमारत सकाळपासून पायाच्या चवड्यांवर चालत होती.

नऊ वाजता ताई खोलीत आली. एकटीच. माणसाच्या अंगाची ऊबही तराजूला चालत नाही, म्हणून त्या खोलीत गर्दी कधीच नसते. तिने हातमोजे चढवले, लांब चिमट्याने मला उचलले. त्या चिमट्याच्या टोकांना मऊ चामडे लावलेले असते. एका टोकाचे चामडे झिजले होते. मला ते जाणवले, पण मी काय सांगणार? मी घसरलो. फार नाही, दोन बोटे. ताईने मला वरच्यावर सावरले, पण तेवढ्यात माझी खालची कड तराजूच्या दाराच्या धातूच्या चौकटीला लागली.

टिक्.

एवढाच आवाज. घड्याळाचा काटा सरकावा तसा. ताई जागच्या जागी थिजली. मग तिने मला हळूच पालथे करून भिंगाखाली धरले. माझ्या तळाला चौदा वर्षांच्या बारीक रेषा होत्याच. त्यांत आता एक नवी, चकचकीत. अनोळखी डोळ्यांना ती कधीच वेगळी कळली नसती.

ताई स्टुलावर बसली. तिच्या मनात काय चालले होते ते मला तिच्या हातमोज्यांवरून कळत होते. ती ते काढत होती, पुन्हा घालत होती. मला पेटीत ठेवले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. नुसता ओरखडा होता. वजन गेले की नाही, कुणास ठाऊक. पण मोजले की कळणार. आणि कळल्यावर मग न कळल्यासारखे करता येणार नाही.

तिने मला परत तराजूत ठेवले.

हाताळल्याची ऊब जाऊन मी निवांत व्हायला तीन तास लागतात. ते तीन तास ती काचेबाहेर उभी होती. जेवायला गेली नाही. बारानंतर तराजू चालू झाला. एकदा, दोनदा, दहादा. दोन वाजता तिने आपल्या वहीत आकडा लिहिला. मी अडतीस मायक्रोग्रॅमने हलका झालो होतो. म्हणजे खसखशीच्या एका दाण्याचे दहा वाटे केले तर त्यातला एक. तुम्हाला हसू येईल. पण आमच्या जगात वीसचा फरक पडला तरी चूक कुणाची ते शोधायला लागतात.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. जाताना मला पेटीत घालून बरोबर नेले, आणि ती वही.

साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख. ही प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली होती. त्यांनी आकडा वाचला आणि उठून दार लावून घेतले.

"आपलं मोजमाप आधीच झालंय ना?"

"झालंय."

"उत्तर गेलंय?"

"परवाच गेलं."

"म्हणजे आपलं बरोबरच येणार." साहेब थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्रवासात काहीही होतं, ताई. पेटी आदळते, हमाल फेकतात. कुठं लागलं, कोण सांगणार?"

"आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यांचं उत्तर?"

साहेबांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली.

"त्यांचं अडतीसने चुकेल," ताई म्हणाली. "आणि चूक त्यांची ठरेल."

"मला कळत नाही का ते?" साहेब एकदम भडकले. "पण तू हेही बघ. ही ओळ नव्हती तेव्हा आपल्या कारखान्याची औषधं परक्या बंदरात दोन-दोन महिने पडून असायची. लहान मुलांची औषधं! नासून जायची. विसरलीस? तुझा सख्खा भाऊच तिथं कामाला आहे. त्याला काय सांगशील?"

ताईचा चेहरा उतरला. घड्याळात सव्वादोन झाले होते. ती म्हणाली, "मी पेटी देऊन येते," आणि बाहेर पडली. काय लिहून देणार, ते तिने सांगितले नाही. साहेबांनी विचारलेही नाही.

पाहुणे गृहस्थ बाहेरच्या बाकावर बसले होते. गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब केलेला. पेटीसाठी त्यांनी घरून एक पिशवी आणली होती, आतून लोकर शिवलेली.

"बायकोनं शिवलीय," ते कौतुकाने म्हणाले. "म्हणाली, एवढा मोठा पाहुणा आणताय, थंडी नको वाजायला. आमची पहिलीच वेळ आहे हो. अकरा वर्षं धडपडतोय. खोली बांधली, तर भिंतीला ओल आली. तराजू आला, तर शेजारून रस्ता निघाला, ट्रक गेला की काटा थरथरतो. आता कुठं सगळं जमलंय. या वेळी उत्तर जुळलं की आमचीही ओळ लागेल."

ताईने देवघेवीचा कागद मांडीवर घेतला. त्यात एक रकाना होता: 'वजनाची स्थिती'. आधीच्या सगळ्यांनी तिथे एकच शब्द लिहिला होता, 'उत्तम'. पेन त्या रकान्यावर टेकले आणि तिथेच राहिले. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मित्रांनो, माझ्या अंगात काळीज नाही, पोलाद आहे. पण त्या वेळी मला ओरडावेसे वाटले. मला एकच गोष्ट बोलता येते, माझे वजन. आणि तेही कुणी विचारले तरच.

मग ती भराभर लिहू लागली. 'आज सकाळी नऊ वाजता माझ्या हातून घसरले. तळाच्या कडेला ओरखडा. पुन्हा मोजले. अडतीस मायक्रोग्रॅम कमी.' खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे मी रिकाम्या हातानं जायचं?"

"हो."

"आणि आमची ओळ?"

"लांबली. माझ्यामुळं." ताईने पेनाला टोपण लावले. "माफ करा."

त्यांनी लोकरीची पिशवी गुडघ्यावर सरळ केली, घडी घातली, उलगडली. "हे लिहिलं नसतंत तर?"

"तर तुम्ही आणखी अकरा वर्षं स्वतःचाच तराजू खोलून बघत बसला असता."

त्यांनी पिशवी काखेत घेतली. आभार मानले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "चला, मीही येतो आत."

तीन वाजता बैठक भरली. तपासनीस बाईंनी आपले कागद नीट लावले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल चांगला असावा असे वाटत होते. त्या तोंड उघडणार तोच ताई उभी राहिली आणि तिने तो कागद पाहुण्यांकडून घेऊन जसाच्या तसा वाचून दाखवला.

"कुणी पाहिलं होतं?" तपासनीस बाईंनी विचारले.

"नाही."

"मग वजन कमी झालंय हे कळलं कसं?"

"मी मोजलं."

तपासनीस बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. पण वजन हाताळण्यात खोट निघाली, की किलोच्या ओळीची मान्यता मला थांबवावी लागते. ती खोट दूर करा आणि नव्यानं फेरी होऊन उत्तर जुळू दे. तोवर थांबावं लागेल. कुणाचा हात होता तेही लिहावं लागेल."

"माझा," ताई म्हणाली.

"थांबा." हे साहेब होते. ते बसूनच बोलले, टेबलाकडे बघत. "चिमट्याचं चामडं झिजलंय, असं हिनं चार महिन्यांपूर्वी लेखी दिलं होतं. तपासणी उरकू दे, मग बघू, असं मीच म्हणालो. तो कागद माझ्या खणात आहे. आणि मघाशी हिला गप्प बसायला सांगणाराही मीच. तेही लिहा."

ताईने वळून त्यांच्याकडे पाहिले. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांची मान खाली गेलेली तिने प्रथमच पाहिली असावी.

ओळ थांबली. चौदा महिने थांबली. कारखान्याची औषधे पुन्हा परक्या बंदरात अडकू लागली. दर खेपेला दुसऱ्या देशातून तराजू तपासून आणावे लागले. ताईच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तिच्या टेबलावरच होतो. "ताई, तुला तोंड बंद ठेवता आलं नाही?" तो इतक्या मोठ्याने बोलत होता की पेटीतही ऐकू आले. ती "नाही" म्हणाली. त्याने फोन ठेवला आणि पुढे बरेच महिने केला नाही. सणाला नाही, वाढदिवसाला नाही. ती रोज कामाला येत होती. नवा चिमटा आला, नवे नियम आले, आणि तराजूच्या दाराला मऊ पट्टी लागली. ती पट्टी साहेबांनी निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी स्वतः चिकटवली.

फेरीला माझ्याऐवजी दुसरा किलो निघाला, माझ्याहून देखणा. सगळी उत्तरे उघडली तेव्हा ताईच्या आणि त्या गृहस्थांच्या उत्तरांत चार मायक्रोग्रॅमचे अंतर निघाले. दोन्ही देशांच्या ओळी एकाच दिवशी लागल्या. त्यांचे पत्र आले. त्यात अभिनंदन वगैरे काही नव्हते. 'उत्तर चुकलं असतं तर या वेळी मी तराजू खोलला असता,' एवढेच लिहिले होते, 'कारण वजन तुमच्या हातून आलं होतं, ते ठीक असल्याची मला खात्री होती.'

आणि मी? मला परत कुणी नेले नाही. फेरीतून बाद झालेल्या वजनाला विमानाचे तिकीट कोण देणार? मी ताईच्याच खोलीत एका कपाटात राहिलो. पहिले वर्ष वाईट गेले. पेटीवर धूळ बसली. कुणीतरी माझी पेटी दार अडवायला टेकू म्हणूनही वापरली. ज्याच्यासाठी माणसे श्वास रोखत, त्याच्यावर ही पाळी.

पण आता माझ्याकडे नवे काम आहे. खोलीत कुणी नवे माणूस कामाला लागले, की ताई पहिल्या दिवशी मला त्यांच्यापुढे ठेवते आणि तोलायला सांगते. किलो म्हटल्यावर उत्तर किलोच यायला हवे, असे त्यांना वाटते. आले नाही की ती घाबरतात, आपलेच काही चुकले समजतात, आणि आकडा जरासा वर सरकवून पूर्ण किलो लिहून आणतात. ताई कागद बघते आणि विचारते, "तराजूनं हेच सांगितलं?"

मित्रांनो, वस्तू जपून हाताळा, एवढे तर मी सांगेनच. झिजलेले चामडे वेळेवर बदला, हेही सांगेन. पण कितीही जपले तरी कधीतरी हातून सुटतेच. तेव्हा बघणारे कुणी नसेल. आवाजही फार होणार नाही. पुढे जो कुणी ती वस्तू विश्वासाने हातात घेणार आहे, त्याचा चेहरा तेवढा डोळ्यांपुढे आणा.

कालच एक नवी मुलगी आली होती. तिने मला सात वेळा तोलले, कागदावर काहीतरी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मग खालमानेने ताईपुढे जाऊन उभी राहिली. "मॅडम, माझं काहीतरी चुकतंय. हा किलो भरतच नाहीये."

ताईने तिच्यासाठी स्टूल पुढे ओढले. "बैस," ती म्हणाली, "नीट मोजलंस."