क्लोकरूममधली वीणा

माले गावच्या विठ्ठल मंदिरातली वीणा गळ्यात अडकवून हैबतराव सकाळी नऊला पुणे स्टेशनसमोर उतरले. बसमध्ये बसायला जागा मिळाली होती, पण वीणा मांडीवर घेतली की दांडी शेजारच्या बाईच्या पदरात अडकायची, म्हणून पौडापासून ते उभेच राहिले. संध्याकाळी पाचच्या गाडीने ही वीणा परभणीकडच्या एका मठात जायची होती. कायमची.

आता वीणा म्हणजे नुसतं वाद्य नव्हे. सप्ताहात सात दिवस, सात रात्री तिचा पहारा असतो. दोन दोन तास एकेकाने गळ्यात घेऊन उभं राहायचं, मुखी नाम आणि बोट तारेवर. पुढचा आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात. सप्ताह नसला की ती देवळात खुंटीवर. पण जमिनीला टेकवायची नाही, हा नेम बारा महिने. माल्यात एकेकाळी पहाऱ्यासाठी भांडणं व्हायची. यंदा पाटीवर पाच नावं पडली, त्यातली तीन सत्तरीपुढची. जमिनी बंगल्यांना गेल्या, पोरं हिंजवडीला, पिरंगुटला. यंदाचा सप्ताह राहूनच गेला. मंडळाने बसून ठरवलं, की ज्या घरातला तरुण माणूस दर एकादशीला उभा राहायचं कबूल करील त्या घरात वीणा ठेवू, नाहीतर नामाची वस्तू नुसती धूळ खात टांगण्यापेक्षा मठात जाऊ दे.

कुणी बोललं नाही. हैबतरावही बोलले नाहीत. त्यांचा किशोर बाराव्या वर्षी भर दुपारचा पहारा करायचा, पाय कापायचे तरी बसायचा नाही. आज तो चाळिशीचा, वाकडला राहणारा. फोनवर विचारलं असतं तर तो "बघू आबा" म्हणाला असता. समोरासमोर, वीणा डोळ्यांपुढे असताना तो आपणहून म्हणेल, ही हैबतरावांची आशा. मग मठाला एक फोन करून नाही म्हटलं की झालं. तेवढ्यासाठी तर ते पाचच्या गाडीला नऊ वाजता आले होते.

किशोरने दिवसभराची रजा टाकली होती. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग वीणेकडे पाहिलं.

"एवढी मोठी होती ही?"

"तू ल्हान व्हतास तवा आनिक मोठी वाटायची."

"हे घेऊन फिरायचं कसं? क्लोकरूममध्ये ठेवू. मग तुम्हाला मस्त पुणं दाखवतो. स्टेशनच्या आसपासच इतकं आहे बघण्यासारखं!"

शंभर वर्षांच्या त्या इमारतीत, कमानींखालून ते सामानघरापर्यंत गेले. काउंटरवर वाल्मीक नावाचा पन्नाशीचा माणूस होता. त्याने तिकीट पाहिलं, आधार पाहिलं, गवसणीत घातलेली वीणा पाहिली आणि मान हलवली. "कुलूप नाही. बिनकुलपाचं सामान घेत नाही आम्ही."

"वीणेला कसलं आलंय कुलूप?" हैबतराव म्हणाले.

"नियम आहे बाबा. कुणी म्हटलं आतलं काही गेलं, तर?"

"आत काय, भोपळा हाय नुसता!"

रांगेतले दोघे हसले. किशोरने बाहेर जाऊन साखळी-कुलूप आणलं, गवसणीच्या नाडीतून साखळी ओवली, दांडीला दोन वेढे दिले आणि खटकन लावलं. हैबतरावांनी तोंड फिरवलं.

आणि मग त्यांच्या हातून सवयीने जे व्हायचं तेच झालं. त्यांनी गवसणीचा पट्टा आपल्या गळ्यातून काढला, काउंटरवरून हात लांब करून वाल्मीकच्या गळ्यात घातला आणि काउंटरच्या लाकडावरच डोकं टेकलं.

"अहो, अहो! काय करताय आजोबा!"

"आबा, लोक बघतायत," किशोर हळूच म्हणाला.

"पहारा दिला. दुसरं काय." हैबतराव ओशाळले. "जिमिनीवं ठिवू नका म्हंजी झालं."

वाल्मीक क्षणभर वीणा गळ्यात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्या गावालाही सप्ताह असायचा. काळजी करू नका." त्याने पावती फाडली.

किशोरने बाप हौसेने फिरवला, खोटं कशाला बोला. शनिवारवाड्याच्या दरवाजाचे खिळे दाखवले, माहितीचा फलक मोठ्याने वाचून दाखवला. सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला नेलं. दगडी दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरलेला आहे, त्यापुढे हैबतरावांना उभं करून फोटो काढला.

"ह्यो कशाला बांधला?" हैबतरावांनी विचारलं.

"काय माहीत. शोभेसाठी असेल. थोडं हसा ना आबा."

ते हसले. देवळात गार होतं, माणूस नव्हतं. बोलायची वेळ हीच, असं त्यांना वाटलं.

"किशोर, तुला ध्यानात हाय का, काल्याच्या दिवशी महाराज म्हनले व्हते, ह्या पोराच्या हातात ईना शोभतीया?"

"हो तर! आणि मला पेढा दिला होता." किशोर मनापासून हसला. "काय दिवस होते. आता ते सगळं गेलं, नाही?"

"गेलं न्हाई. जातंय."

"तेच ते. मठात देताय ते बेस्ट केलंत. तिथे तरी कुणी वाजवेल."

उंबऱ्यावर बसून हैबतरावांनी बायकोने, रंभाबाईने, बांधून दिलेली भाकरी सोडली. किशोरने अर्धी खाल्ली आणि उरलेल्या अर्धीवर हात ठेवून दोनदा फोनवर बोलला. एकादशीला एक दिवस. महिन्यातून दोनदा. शब्द हैबतरावांच्या जिभेवर तयार होते, पण मागून घेतलेला पहारा तो कसला, या विचाराने त्यांनी ते भाकरीबरोबर गिळले.

चार वाजता ते स्टेशनवर परतले. वाल्मीकने वरच्या फळीच्याही वर, भिंतीतल्या खिळ्याला वीणा टांगली होती. तिच्याखाली सुटकेसांचा ढीग होता. त्याने स्टुलावर चढून ती दोन्ही हातांनी उतरवली, कुलूप काढायला लावलं आणि देताना आपणहून डोकं लववलं. "रामकृष्णहरी बाबा."

"रामकृष्णहरी. लई उपकार झाले." साखळी-कुलूप हैबतरावांनी काउंटरवरच सोडलं.

फलाटावर गर्दी होती. गाडी वीस मिनिटं उशिरा, असं भोंग्यातून सांगितलं.

"बसा ना आबा, बाक रिकामा आहे."

"गळ्यात हाय तवर बसत न्हाईत."

"आता काय सप्ताह चालू आहे का?"

हैबतरावांनी गळ्यातला पट्टा सारखा केला. मग म्हणाले, "मला लघवीला जायचंय. धरतोस?"

"द्या की."

त्यांनी पट्टा किशोरच्या गळ्यात घातला. गवसणीची नाडी सोडून तार मोकळी केली. मग भर फलाटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, सत्तरी उलटलेला बाप लेकाच्या पाया पडला. किशोरने घाईने त्यांना उठवलं, "आबा, काय हे!" पण वीणा त्याच्या छातीवर नीट बसली होती, आणि त्याचं बोट, नकळत असेल, तारेला लागलं. एक स्वर निघाला. तो विरेपर्यंत हैबतराव तिथेच उभे राहिले.

काम पाच मिनिटांचं होतं. ते बाहेर आले आणि चहाच्या टपरीआड थांबले. मुद्दामच. पांडुरंगा, त्याला अजून थोडा वेळ दे, असं म्हणत थांबले. दहा मिनिटं गेली असतील. मग त्यांनी डोकावून पाहिलं.

किशोर बाकावर बसून फोनवर बोलत होता. एका हाताने हवेत कसला तरी आकडा मांडून दाखवत होता. वीणा त्याच्या पायाशी, फलाटाच्या फरशीवर उभी होती, भोपळा खाली टेकलेला, दांडी कुणाच्या तरी चाकाच्या बॅगेला रेललेली. शेजारून हमाल गेला तेव्हा ती हलली. किशोरने न बघता पायाचा आधार दिला.

हैबतराव जवळ गेले. वीणा उचलली, उपरण्याने भोपळ्याची धूळ पुसली आणि पट्टा गळ्यात घातला.

किशोरने फोन कानापासून दूर धरला. "सॉरी आबा, ऑफिसचा होता. दोन मिनिटंच ठेवली."

"ऱ्हाऊ दे. बोल तू."

"मठातले उतरवून घ्यायला येतील ना?"

"येत्याल. तितं पहाऱ्याला मान्सं हायेत."

"मग झालं तर. पुढच्या वेळी निवांत या, आईला घेऊन. आगाखान पॅलेस राहिला आपला."

"व्हय. ऱ्हायला."

गाडी लागली. किशोरने गर्दीत घुसून खिडकीची जागा धरली, पाण्याची बाटली दिली, खाली उतरून खिडकीतून हात आत घातला. पोरगं वाईट नव्हतं. कुणाजवळ गाऱ्हाणं सांगावं असं त्याने काही केलं नव्हतं, आणि म्हणूनच हैबतरावांना रागही धरता येईना.

गाडी हलली तशी समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "काका, बसत का नाही? जागा तुमचीच आहे ना?"

"व्हय, माजीच," ते म्हणाले आणि उभे राहिले. सदऱ्याच्या खिशात परतीचं तिकीट होतं. परवा सकाळी याच स्टेशनवर मोकळ्या गळ्याने उतरायचं, मग पौडाची बस. गावात कुणी विचारणार नव्हतं, वीणा कुठे म्हणून.

त्यांनी तारेवर बोट ठेवलं. गाडीच्या खडखडाटात स्वर त्यांच्या त्यांनाच ऐकू आला नाही.