गानारीन उभी राह्यली

मी हरिदास, ढोलकीवाला. वीस वर्षं झाली, रामबाई उइकेच्या गान्याले मीच वाजवून राह्यलो. गिरडपासून जामपर्यंत कोनाचं लग्न निघालं का पहिलं बोलावनं तिलेच. आता तर मोबाईलवर नागपूरचे लोकं तिचं गानं ऐकतात.

औंदा बाई सरपंचाले उभी राह्यली. समोर हेमराज, दोनदा निवडून आलेला. भर चौकात त्यानं म्हनलं, "लग्नातली गानारीन गाव काय चालवते? हरली तर ह्या गावात गानं बंद करजो!"

"करीन बंद," बाई म्हने.

म्या तिले बाजूले ओढलं. "अवो बाई, काऊन कबूल केलं? गानं गेलं तर आपल्यापाशी राह्यते काय?"

"मंग का भेऊन घरी बसू?"

शेवटची सभा बाजाराच्या दिवशी. चारी आळीतल्या बाया भाजीच्या थैल्या घेऊन उभ्या. म्या भाषन लिहून देल्लं होतं. बाईनं कागद बाजूले ठेवला अन् सूर लावला. लग्नात तिची रीत ठरलेली. आधी नवरीकडच्या बायायची नावं गान्यात घ्याची, मंग नवरदेवाकडच्यायची. एकबी सोडाची नाई. इथंबी तसंच झालं. आपल्याकडच्या बाया संपल्या अन् बाईचं गानं सवयीनं हेमराजच्या घरात घुसलं! त्याची बायको रक्षा, बहीन इला, माय सुमती.

"अवो, हे लग्न नाई, इलेक्शन हाय!" मी बोंबललो. हेमराजचे पोट्टे शिट्ट्या वाजवाले लागले, "आमचाच प्रचार करून राह्यली!"

खाली उतरल्यावर बाईचं तोंड उतरलेलं. "चुकलंच, हरिदासभाऊ. तोंडातून निघून गेलं." मले एवढा राग आल्ता का तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाई.

मतमोजनी समुद्रपूरले झाली. सुरवातीपासून हेमराज पुढं. मी तर बाहेरच येऊन बसलो. शेवटी त्याच्याच आळीची मशीन खोलली, अन् बाई एकोनीस मतानं निवडून आली! म्या तहसीलसमोरच ढोलकी बडवाले सुरवात केली. पोलीस म्हने, हळू. म्या म्हनलं, साहेब, आज नाई!

मिरवनूक हेमराजच्या दारावरून चालली होती, तं त्याची माय कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली.

"माय, अंदर ये!" हेमराज खेकसला.

म्हातारी गरजली, "चूप बस! साठ वर्षं ह्या गावात राबली मी. कोनाची सून, कोनाची बायको, मंग तुही माय. सुमती म्हनून कोनं हाक मारली रे मले? हिनं मारली, भर बाजारात! आळीतल्या बाया मीच नेल्या मताले."

हेमराजची मान खाली गेली. म्हातारीनं रामबाईले कुंकू लावलं. बाईच्या डोळ्यातून घळाघळा पानी, अन् माह्याबी.

"रडतं काय, सरपंचबाई?" म्हातारी म्हने. "गा आता. ह्याच दारात गा."