चुना लागलेली दुसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे, आणि स्वभावाने भारी घाबरट आहे. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजच्या फाटकाशी, पडवीखाली मी उभा असतो. उभं राहायचं आणि खरं सांगायचं, एवढंच माझं काम. पण गेली दोन वर्षं मी खोटं बोलत होतो, तेही माझा काही गुन्हा नसताना. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इसरू पेंटरने मला रंगवलं. वर निळ्या अक्षरांत मथळा लिहिला, ‘संगणक विभाग : पदवी अभ्यासक्रम’. त्याखाली लाल अक्षरांत ‘बी.एस्सी. (संगणकशास्त्र)’ आणि त्याखाली ‘बी.सी.ए.’. संगणकशास्त्राचा ‘त्र’ लिहिताना इसरू अडखळला. त्याने वामनरावांना विचारलं, “संगणक म्हंजे काय जी?” वामनराव म्हणजे कॉलेजचे बाबू, प्रवेशाच्या खिडकीत तेच बसतात.

“कॉम्प्युटर,” ते म्हणाले.

“मंग कॉम्प्युटरच लिवा ना सरळ! लोकाइले समजन तरी.”

वामनरावांनी ऐकलं नाही. इसरूने ओठ दाबून ‘त्र’ पूर्ण केला आणि दोन पावलं मागे सरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पुढची वर्षं माझ्या भाग्याची होती. काळीपिवळी जीप फाटकासमोर थांबायची, पोरं उतरायची, मान वर करून मला मोठ्याने वाचायची. नागभीड, आरमोरी, सिंदेवाहीकडची पोरं. कुणी माझ्यासमोर फोटो काढायचं. सगळे मला ‘कॉम्प्युटरवाला बोर्ड’ म्हणायचे. नंतर मात्र कॉलेजातल्या कुणाला माझ्याकडे बघायची गरज उरली नाही. माझ्या खिळ्याला शिपाई सोमाजी आपली छत्री अडकवू लागला, आणि बाकीचे नाकासमोर बघत आत जाऊ लागले. मित्रांनो, रोज ये-जा करणारा माणूस बोर्ड कधी वाचत नसतो.

दोन वर्षांपूर्वी बी.सी.ए. बंद झालं. ऑफिसातून चिठ्ठी निघाली : ‘संगणक विभागाच्या बोर्डवरील दुसरी ओळ खोडावी.’ चिठ्ठी सोमाजीच्या हाती आली. सोमाजी माणूस प्रामाणिक आणि सांगितलेलं काम मोजून-मापून करणारा. त्याने माझ्या अंगावर बोट ठेवून मोजलं. निळा मथळा, ही एक. बी.एस्सी., ही दोन. मला घाम फुटला. अरे बाबा, मथळा कशाला धरतोस ओळीत! पण पत्र्याला कुठे तोंड असतं? ऑइलपेंटचा डबा वाळून दगड झाला होता, म्हणून भिंतीला मारून उरलेल्या चुन्यात डिंक कालवून त्याने दुसऱ्या ओळीवर दोन हात फिरवले. चालू असलेला अभ्यासक्रम पुसला गेला आणि बंद पडलेला तसाच राहिला.

चुना लावणं म्हणजे फसवणं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथे चुना मला लागला आणि फसली ती पोरं. पडवीमुळे पावसाचा थेंबही माझ्यावर येत नाही, त्यामुळे चुना धुऊन निघेल ही आशाही संपली.

यंदा प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. दुपारी चारच्या सुमारास जीपमधून एक मुलगी आणि तिची आई उतरल्या. मुलीचं नाव दिव्यानी, आईचं कमलाबाई. वैनगंगेपलीकडच्या गावातून, शेतात धान रोवण्याचं काम टाकून आल्या होत्या. कमलाबाईंच्या टाचांना अजून चिखल होता. दिव्यानीने मला वाचलं. तिच्या छातीशी फाइल घट्ट धरलेली होती.

“माय, बीसीए हाये इथी,” ती म्हणाली आणि खिडकीकडे धावली.

पुढे काय होणार ते मला माहीत होतं. मला ते बघवत नव्हतं, पण बोर्डाला डोळेही मिटता येत नाहीत.

खिडकीशी गर्दी होती. वामनरावांनी मान वर न करता सांगितलं, “बीसीए बंद झालं, बाई. दोन वर्षं झाले. हं, पुढचा कोन?”

दिव्यानी परत येऊन माझ्याजवळ उभी राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

“काऊन वो, काय म्हनलं त्याइनं?” आईने विचारलं.

“बंद झालं म्हनते. आता घरी काय सांगू माय? बाबानं सांगतलं ना, कॉम्प्युटरचं भेटलं तरच ब्रह्मपुरी, नाई तं गावाजवळ बी.ए. कर.”

“दुसरं काई नाई काय?”

“बोर्डावर तं एकच हाये.”

बोर्डावर! माझंच नाव घेऊन ती रडत होती. कमलाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परतीची जीप बघायला रस्त्यावर गेल्या. दिव्यानी मला टेकून उभी राहिली. काळजीत असलं की काही माणसं नखं खातात, काही ओढणीचं टोक पिळतात. ही माझा चुना खरवडू लागली. तिचं लक्षही नव्हतं. एक टवका उडाला. खाली लाल रंग दिसला. तिला वाटलं गंज असेल. तिने बोट पुसलं आणि पुन्हा नख लावलं.

खरवड, पोरी, खरवड! माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतक्या जोराने कधी ओरडलो नसेन, आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

“चाल वो दिव्यानी, जीप भरली!” रस्त्यावरून आईची हाक आली.

ती निघालीसुद्धा. दोन पावलं गेली, थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. गंजाला काना-मात्रा नसतात. तिने फाइलमधली पट्टी काढली आणि सरसर चुना ओढला. ‘बी.एस्सी. (संगण’ एवढं बाहेर आलं.

“माय, इकडं ये! चुन्याखाली लिवलं हाये!”

कमलाबाई आल्या, बघितलं आणि हताश होऊन म्हणाल्या, “पुसलं हाये म्हंजे तेबी बंदच असन ना, बाई.”

माझा जीव टांगणीला लागला. त्यांचं बोलणं बरोबरच होतं. पुसलेलं म्हणजे संपलेलं, असंच शहाणी माणसं समजतात. खिडकीशी आता कुणी नव्हतं. सोमाजी तिची झडप ओढत होता. बाहेर जीपवाला हॉर्न मारत होता.

“विचारून तं पाहू,” दिव्यानी म्हणाली आणि पळाली.

“बीएस्सी कॉम्प्युटर?” वामनराव अर्धवट उठलेले होते. “हाये ना! साठ जागा, एकोनीस भरल्या. मघाच काऊन नाई विचारलं तू?”

“बोर्डावर पुसलं हाये, सर.”

वामनराव बाहेर आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मला वाचलं. मग सोमाजीला हाक मारली.

“दुसरी ओळ म्हने चिठ्ठीत,” सोमाजी माझ्यावर बोट ठेवत म्हणाला. “हे एक, हे दोन. मोजून पुसली, साहेब.”

वामनराव त्याला रागावले नाहीत. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. ते हळूच म्हणाले, “मागच्या साली सोळाच पोरं आले. आमाले वाटलं, पोराइलेच नको हाये कॉम्प्युटर.” मग त्यांनी खिडकी पुन्हा उघडायला लावली.

दिव्यानीचं नाव लागलं. जीप निघून गेली होती, पण मायलेकी हसत दुसऱ्या जीपची वाट बघत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तरी माझी काळजी गेली नाही. दोन वर्षांत किती पोरं मला वाचून फाटकातूनच परत फिरली, त्यांची नावं कुणाकडे नाहीत. बी.एस्सी. शोधत आलेली एक पोरगी तर जीपमधून खालीही उतरली नव्हती. तिथूनच वाचून ती म्हणाली, “इथी नाई,” आणि जीप पुढे गेली. ती आज कुठे असेल? म्हणून मोठ्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे, की आम्हा बोर्डांना रंगवा, पुसा, काहीही करा; पण काम झालं की नवख्या माणसासारखं समोर उभं राहून एकदा वाचा.

‘बी.सी.ए.’ अजून माझ्या अंगावर आहे. सोमाजी रोज म्हणतो, “उद्या पुसतो.” समोर जीप थांबते. कुणी मान वर करून मला वाचायला लागलं, की मी मनातल्या मनात ओरडत असतो : पोरी, माझ्यावर भरवसा ठेवू नको. आत जा आणि विचार.