आधी वजन, मग पैसे

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवायला भलेभले घाबरतात. मी एक जुना वजनकाटा आहे. माझे तारुण्य कोलकात्यातल्या एका डॉक्टरांकडे गेले आणि म्हातारपणी मी तळ्याकाठच्या फुटपाथवर आलो. तागाच्या गिरणीत कामाला असलेल्या निबारणदांनी ती बंद पडल्यावर मला विकत घेतले. उपाशी राहीन पण हात पसरणार नाही, हा त्यांचा हट्ट. एका वजनाचे पाच रुपये.

आमच्या शेजारीच भिकाऱ्यांची रांग बसायची. सकाळी फिरायला येणाऱ्या अनिमा समाद्दार रांगेला नाणी वाटत यायच्या आणि त्याच झोकात एक माझ्यावर टाकायच्या. खण्णकन! मला फार लागायचे.

"दीदी, उचला ते! आधी उभ्या राहा, मग पैसे."

"असू द्या हो निबारणदा, तेवढंच पुण्य."

"पुण्य तिकडे करा. इथे वजन होतं."

"माझं वजन मला माहीत आहे!"

"मग घाबरता कशाला?"

दीदी तरातरा निघून जायच्या, त्या थेट कचोरीच्या दुकानात. त्यांचे नाणे निबारणदा रांगेतल्या म्हाताऱ्या खोकनला देऊन टाकायचे.

एके दिवशी माझी स्प्रिंग गेली. काटा बावन्नवर अडकला तो अडकलाच. एक पहिलवान आणि एक शाळकरी पोर, दोघेही बावन्न किलो! निबारणदांनी कपाळाला हात लावला. घरात तांदळाचा दाणा नव्हता.

आणि नेमक्या त्याच दिवशी दीदींना हुरूप आला. चपला काढून, श्वास रोखून त्या चढल्या.

"अगोबाई, बावन्न!" त्यांनी आनंदाने शंभराची नोट काढली.

घ्या आणि गप्प बसा, असे मी मनात ओरडत होतो. निबारणदांनी नोटेकडे पाहिले.

"दीदी, काटा बिघडलाय. हे घेतलं तर भीकच झाली. तीसुद्धा खोटं बोलून मागितलेली."

"तुम्हाला आजच खरं बोलायचं होतं?" दीदी इतक्या हिरमुसल्या की मलाच वाईट वाटले. जराशाने त्यांनी नोट पुन्हा पुढे केली. "मग वीस दिवसांचे आगाऊ घ्या. याला दुरुस्त करा. उद्यापासून रोज येते."

निबारणदांनी नोट घेतली. आधी मी दुरुस्त झालो, मग तांदूळ आला.

दुसऱ्या दिवशी माझा काटा एक्याऐंशीवर गेला.

"मेला कालच बरा होता!" दीदी म्हणाल्या. पण वीसही दिवस आल्या.

मित्रांनो, माझ्यावर चढताना चपला काढत जा. पोट आत ओढू नका, उपयोग होत नाही. आणि कोणाला काही द्यायचे असेल तर जरूर द्या, पण वाकून हातात द्या. वरून टाकलेले लागते.